बिनउंबऱ्याची तीन दारं

अण्णा,

तुमच्या चौकटी मी काढल्या. स्वयंपाकघराची, आईच्या खोलीची आणि न्हाणीची, तिन्ही. पोशीरमधल्या अर्ध्याअधिक लोकांनी अंगणात उभं राहून मला त्यावरून ऐकवलंय, तेव्हा तुमचं काय म्हणणं असेल तेही आता मला पाठ आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी या घरातलं काही हलवायचं म्हटलं की आधी तुमचा आवाज कानात येतो. या वेळी मी तो ऐकणार नव्हतो, कारण आई पडली. पितृपक्षात, तुमच्याच तिथीला. भाताचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येत होती आणि तुमच्या त्या साडेचार इंची उंबऱ्याला तिचा पाय अडकला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि हॉस्पिटलातूनच ताई तिला मोहोपाड्याला आपल्याकडे घेऊन गेली, कारण भावोजींचं कॉलनीतलं घर तळमजल्यावर आहे आणि त्यात एकही उंबरा नाही. वॉकर आता सुटायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. ताईने मला फोनवर बजावलं, "उंबरे काढ, दारं रुंद कर. तोवर मी तिला पाठवायची नाय." आणि आईचा रोज दुपारी फोन. "झाली का रं दारं? भात कापायला आलं असंल. मला घरी ने."

त्या चौकटी तुम्ही कशा केल्यात ते मी विसरलेलो नाही. कर्जतला रेल्वेत सुतारकामाला होता तुम्ही. रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर लिलावात निघाले, ते टेंपोत घालून आणलेत. मी तेव्हा कॉलेजला होतो. महिनाभर अंगणात त्या लाकडांचा काळा, तेलकट वास होता, आणि तुम्ही एकेका स्लीपरवर गुडघा टेकून रंधा मारत होता. खिळ्यांची भोकं राळ आणि लाकडाचा भुसा कालवून भरलीत. स्वयंपाकघराची चौकट उभी केली त्या दिवशी नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, वर आंब्याची डहाळी बांधली. तुम्ही ओळंबा सोडून एक डोळा मिटून उभे आहात, गवंडी चौकट धरून आहेत, आणि विहिरीवरून आई भरली कळशी घेऊन येते. म्हणते, "उंबरा जरा खाली घ्या ना. कळशी घेऊन रोज येवढा पाय उचलायचा?" तुम्ही मान न वळवता म्हणालात, "घर कसं बांधायचं ते मला नको शिकवू. शेतातलं साप-किरडू सरळ चुलीपाशी येल ना, मग कळंल." गवंडी हसले. मीही हसलो. आई पाय उचलून आत गेली. अण्णा, पस्तीस वर्षांत या घरात किरडं दोन आली, आणि दोन्ही खिडकीतून आली. त्या दिवसाचा मला आता राग येतो. तुमचा राग येतो, हे स्पष्टच लिहितो.

सुतार शोधून बघितले. आपल्याकडचे सगळे सुतार हल्ली फार्महाऊसवर असतात. एकाने फोन घेतला, तो म्हणाला दिवाळीनंतर बघू. कुठल्या दिवाळीनंतर ते बोलला नाही. शेवटी शाळेच्या ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी टाकून कर्जतला दारांच्या दुकानात गेलो. आता दार चौकटीसकटच मिळतं. चौकट, झडप, बिजागऱ्या, कडी, सगळं कारखान्यात जोडून येतं. चौकटीला बाजू तीनच, दोन उभ्या आणि एक वरची. खाली काही नाही. मला तेच हवं होतं. दुकानदार म्हणाला, "सुताराचं कामच नाही, साहेब. भिंतीत ठेवायचं, पाचरी मारायच्या, फटीत फोम भरायचा, झालं. एका दिवसात तीन दारं." दुकानात पंधरा-वीस दारं ओळीने लावलेली, सगळी बिनआवाज उघडणारी, आणि उघडली की मागे भिंत. त्याने विचारलं, वॉलनट की टीक? मी म्हटलं, साग आहे का? तो म्हणाला, सागाचा रंग आहे. मी तुमच्यासारखं बोटाच्या पेराने ठोकून बघितलं, आतून डब्यासारखा आवाज आला. तुम्ही असतात तर तिथूनच उठून चालू पडला असतात, आणि आई मोहोपाड्यालाच राहिली असती. मी सागाच्या रंगाची दोन घेतली. न्हाणीसाठी पाण्याने न फुगणारं, प्लास्टिक आणि भुशाच्या मिश्रणाचं एक घेतलं. मापं खिशातच होती, ती दिली.

आठ दिवसांनी दारं आली, आणि खोपोलीकडचा एक फिटर आला. माणूस कामाला चांगला, पण तुमच्या लाकडाने त्याचा अंत पाहिला. उंबरे आधी काढले, मग उभे स्लीपर. कापायच्या मशीनची तीन पाती गेली. मधूनमधून तो मशीन बंद करायचा, लाकडावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "साहेब, असली चौकट आता शोधून नाय मिळायची. कशाला काढताय?" मशीनचा आवाज ऐकून शेजारचे तुमचे मित्र आले, काठीवर रेलून म्हणाले, "अण्णाची चौकट काढलीस? तुझ्या नातवंडांनाबी पुरली असती रं ती." मी म्हटलं, "आईला नाय पुरली." मी वडीलधाऱ्या माणसाला असं कधी बोललो नव्हतो. बोललो, आणि त्यानंतर दिवसभर तेच मनात घोळत राहिलं, त्यामुळे आणखी चिडचिड.

संध्याकाळी फिटरने नवीन दार उचलून स्वयंपाकघराच्या भोकात उभं केलं. दोन्ही बाजूंना माझी मूठ जाईल एवढी फट. त्याने टेप काढला, मोजलं, माझ्याकडे बघितलं. "साहेब, माप कुणी घेतलं?" मीच घेतलं होतं. तुमच्या चौकटीच्या आतून घेतलं होतं, जेवढ्यातून माणूस जातो तेवढं. स्लीपर दोन्ही बाजूंना पाच-पाच इंच जाड, ते निघाल्यावर भोक केवढं होईल ते मोजायचं असतं, हे एका सुताराच्या मुलाला खोपोलीच्या माणसाने सांगावं लागलं. वर तो म्हणाला, "बरं झालं. आता तीन फुटी दार बसंल, भिंतीला छिन्नी लावायला नको." बरं झालं काय! तिन्ही दारं परत टेंपोत चढवली. दुकानदाराने घासाघीस करून ती बदलून द्यायचं कबूल केलं, पण नवीन यायला आणखी दहा दिवस. तोवर घराच्या तीन भोकांना आम्ही आईची जुनी लुगडी बांधून ठेवली होती. न्हाणीत जायचं झालं की आधी खाकरायचं. दुपारी आईचा फोन, "झाली का रं दारं?" मी म्हणायचो, होताहेत. एक दिवस ती म्हणाली, "दारं लावतोस का घर बांधतोस?" आणि फोन ठेवून दिला. माझ्या आईने असा फोन ठेवल्याचं मला आठवत नाही.

दहा दिवसांनी रुंद दारं आली आणि न्हाणीचं दार आत उघडणारं आलं. मी दुकानात तीनदा सांगितलं होतं, बाहेर उघडणारं द्या. म्हातारं माणूस आत पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं, आपण बाहेरून नुसतं ढकलत बसायचं. फोन केला तर दुकानदार म्हणतो, "बाथरूमचं दार आतच उघडतं, साहेब, सगळ्यांचं तसंच असतं." फिटर म्हणाला, उलटं फिरवून लावू. फिरवून उभं केलं तर उघडलं बाहेर, पण कडी बाहेरच्या बाजूला आली, म्हणजे आई आत आणि कडी आमच्या हातात. मी त्या दारासमोर खाली बसलो आणि मला रडायलाच आलं, अण्णा. चोपन्न वर्षांचा माणूस, फोमच्या डब्यांमध्ये बसून. ते दार परत गेलं, तिसरं आलं. तेही लगेच बसेना, कारण भिंत ओळंब्यात नव्हती, वर जाता जाता पाऊण इंच बाहेर झुकलेली. तुम्ही एक डोळा मिटून चौकटी साधत बसलात आणि गवंड्याने शेजारी भिंत वाकडी चढवली, ते तुम्हाला दिसलं नाही. फिटर खाली-वर पाचरी मारत राहिला, लेव्हल लावून बघत राहिला, कर्ण मोजत राहिला. फोम भरला, कडेने पट्ट्या मारल्या. चौथ्या आठवड्यात तिन्ही दारं उभी राहिली.

परवा आई आली. भावोजी गाडी घेऊन आले होते, ताई बरोबर होती. पुढच्या दाराच्या उंबऱ्याला मी हात लावलेला नाही, दिवाळीला आईला तो पूजेला लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंनी सिमेंटचा उतार करून घेतलाय. वॉकर टेकत ती उतार चढली, घरात आली, सरळ स्वयंपाकघराकडे गेली. फिटर तिथे शेवटचा स्क्रू आवळत बसला होता. तिने नवीन दाराला हात लावला, खाली बघितलं, वॉकर पुढे सरकवला. मग थांबून त्याला विचारलं, "उंबरा काढायला किती दिवस गेलं रं बाला?" तो म्हणाला, "उंबऱ्याला काय, आजी, तासभर. भिंतीला हात पण नाय लावायला लागला. टाइम गेला तो दारांना." आई माझ्याकडे वळली. "येवढंच काम व्हतं व्हय?" म्हणाली, आणि ओट्याकडे गेली. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

आता खरं लिहितो. तुम्ही गेल्यानंतर आईने तो उंबरा काढायला मला सांगितलं होतं. तीनदा. पहिल्यांदा तुमच्या वर्षश्राद्धानंतर. मी म्हणालो, अण्णांच्या हातचा आहे, राहू दे. दुसऱ्यांदा तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा. मी म्हणालो, सगळी भिंत फोडावी लागेल, मोठं काम आहे. कुणाला विचारून बघितलं नव्हतं, असंच सांगून दिलं. तिसऱ्यांदा याच उन्हाळ्यात. तेव्हा मी "बघू" म्हणालो आणि मोबाइल बघत राहिलो. तुम्हाला निदान किरडाची भीती होती. मला नुसता कंटाळा होता, आणि त्या कंटाळ्याला मी तुमचं नाव दिलं. महिनाभर जो भेटेल त्याला मी सांगत होतो, वडिलांनी उंबरे उंच ठेवले, म्हणून आई पडली.

त्या संध्याकाळी निघताना ताईने चपला घालता घालता विचारलं, "तुला कधी बोलली नव्हती का रं ती, उंबरा काढ म्हणून?" मी म्हणालो, "नाय." आई तिथेच खाटेवर भिजवलेले वाल सोलत बसली होती. तिने ऐकलं. मान वर केली नाही, एक वाल सोलून ताटात टाकला, दुसरा हातात घेतला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला लिहिता आलं. ताईला अजून सांगितलेलं नाही.