लिफ्टमधून बाहेर आलेल्यांचा सर्व्हे

३ तारीख, सोमवार
आजपासून रोज डायरी. कारण आज इतिहास घडला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये नवी लिफ्ट बसवायची की नाही यावरून जुंपली, तेव्हा मी उभा राहून म्हणालो, भांडता कशाला, सर्व्हे करा. कॉलेजात मला स्टॅटिस्टिक्स होतं. (दोन वर्षं तोच पेपर होता, पण ते असो.) चेअरमनने तिथल्या तिथे काम माझ्या गळ्यात घातलं. पुढच्या वर्षी सेक्रेटरी मीच.

आई म्हणाली, मलाही विचार. गेल्या वर्षी ती लिफ्टमध्ये पावणेदोन तास अडकली, तेव्हापासून नवव्या मजल्यावरून खाली उतरलेली नाही. जिना उतरायला गुडघे नाहीत, लिफ्टमध्ये शिरायला धीर नाही. खालच्या बाकावर तिची मैत्रीण संध्याकाळी एकटीच बसते आणि वर बघते. मी म्हणालो, घरचीच माणसं घेतली तर लोक बोट दाखवतील. शास्त्र ते शास्त्र.

५ तारीख
रॅन्डम सॅम्पल. सगळ्या फ्लॅटच्या चिठ्ठ्या डब्यात. पहिलीच निघाली बाराव्या मजल्याची. लिफ्ट बंद होती. चिठ्ठी परत टाकली. दुसरी अकरावा. तीही टाकली. तिसरी तळमजला! तिथले काका म्हणाले, लिफ्टबद्दल त्यांची काहीच तक्रार नाही. सुरुवात आशादायक.

८ तारीख
स्तरित सॅम्पल. प्रत्येक मजला एक स्तर, प्रत्येकातून दोन घरं. चौथ्या स्तरावर धाप लागली. बायको म्हणाली, लिफ्ट बंद आहे हेच उत्तर लिहून द्या की! हिला मेथड कळत नाही.

९ तारीख
लिफ्ट चालू. आणि माझं डोकंही. खाली लिफ्टच्या दाराशी खुर्ची टाकली. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न, आज किती मिनिटं अडकलात? एका संध्याकाळीत साठ जण. जिन्याने घामाघूम होऊन उतरणारेही बरेच दिसले, पण ते लिफ्टवाले नव्हेत. सोडून दिले.

१२ तारीख
वर्ग पाडले. ०–५ मिनिटं, ५–१०, १०–१५, आणि १५ च्या पुढे. बरोब्बर पाच मिनिटंवाले नियमाने पुढच्या वर्गात जातात. मी मागच्यातच ठेवले, सज्जन माणसं आहेत. शेवटच्या वर्गाने मात्र डोकं खाल्लं. त्याला वरची हद्दच नाही, मध्यबिंदू काढायचा कुठून? त्यात होता एकटा दूधवाला. उडवला वर्ग.

सरासरी अडकणं तीन मिनिटं! आईने विचारलं, माझे पावणेदोन तास कुठे बसले? म्हणालो, अगं, ते अपवाद, धरायचे नसतात. ती उठून खिडकीशी जाऊन बसली. पटलं असावं.

१६ तारीख
रिपोर्टला टाळ्या. नवी लिफ्ट रद्द. पाच वर्षं विषय काढायचा नाही असा ठरावही झाला. आईने संध्याकाळी खिडकी लावून घेतली. वारा असेल.

१८ तारीख, सं. ५.१०
आठव्या-नवव्याच्या मध्ये लिफ्ट थांबली. मी आत. डायरी खिशात आहे हे नशीब. प्रत्यक्ष निरीक्षणाची संधी.

५.१५
दुसऱ्या वर्गात प्रवेश. मोबाइलला रेंज नाही. घंटी वाजत नाही.

५.२५
माझे वर्ग संपले. यापुढचा मी उडवलाय.

५.५०
ओरडलो. लाजलज्जा सोडून ओरडलो. वरून आईचा आवाज आला. लिफ्टच्या दारापाशी स्टूल घेऊन बसली आहे. म्हणाली, भिंतीला टेक, डोळे मिट, मी इथेच आहे. तिच्या वेळी दाराशी कुणी बसलं होतं का, मी कधी विचारलंच नव्हतं. रडू आलं. घामात कळलं नसतं, आणि आत बघायला होतं तरी कोण?

२० तारीख
सुटका झाली परवाच. मेकॅनिक म्हणाला, नेहमीचंच आहे.

आज जिन्याने चेअरमनकडे गेलो. म्हणालो, सर्व्हे पुन्हा करू, नव्या लिफ्टशिवाय गत्यंतर नाही. ते म्हणाले, एकट्यादुकट्याच्या अनुभवावरून निष्कर्ष काढू नये, हे तुमच्याच रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर आहे. फार सुंदर वाक्य आहे, म्हणाले. शिवाय पाच वर्षांचा ठराव.

नऊ मजले चढून वर आलो. गुडघे बोलायला लागलेत. ऑफिसात रजा कळवली. आईने खिडकी उघडली आणि आपली खुर्ची सरकवून मला जागा केली. खालच्या बाकावरून मैत्रिणीने हात केला. आईने केला. मग मीही केला.