बाबांच्या मापाचा टेकू

आई,

तुझा हिवाळा दादाकडे सुखाचा जातोय ना? गुडघ्यांना लोकरीची पट्टी बांधतेस का? इकडे तळावर जनावरं धडधाकट आहेत आणि बाबाही ठणठणीत. लांडग्याने शिंगरू नेलं, पण एकच.

बाद्राखदादाने शहरातून पाठवलेला बंदुकीच्या नळीखाली लावायचा लोखंडी टेकू पोचला, त्याला सांग. दिसायला झकास आहे. काल बाबांनी खडकाआड बसून तो उघडला, तर गारठ्यात असा खटकन वाजला की लांडगा आमच्याकडे बघून निवांत चालता झाला. "तुझा भाऊ लांडग्याला आधी वर्दी देतो," बाबा म्हणाले. हे मात्र त्याला सांगू नकोस.

आज पुन्हा बाबांचा वाळुंजाच्या काठ्यांचा जुना टेकू काढला. तरी नळी हलत राहिली, गोळी दगडावर गेली. त्यांचे हात हल्ली जरा थरथरतात. थंडीनेच असेल.

मग बाबांनी मला बंदुकीमागे बसवलं. टेकू ज्याच्या त्याच्या बैठकीच्या मापाने कापलेला असतो, बाबांचा मला चार बोटं उंच पडतो. मी म्हटलं, माझ्यासाठी नवा करू.

"वाळुंज खाली नदीकाठी. तू जाऊन येईपर्यंत लांडगा उपाशी बसणारे का?" म्हणत त्यांनी करवत माझ्यापुढे ठेवली. "हाच काप."

कापला की तो पुन्हा त्यांच्या मापाचा होणार नाही, आई. करवत मांडीवर ठेवून मी तुला पत्र लिहीत बसलेय. बाबा बाहेर घोड्यांपाशी आहेत. दोनदा डोकावून गेले, "झालं का गं?"

तुझ्या हातांना कपाळ लावते,
दुल्मा