हात वर केलेला माणूस

आबा,

आज आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले. सीमेपलीकडचा एक मोठा म्होरक्या मारला गेल्याची बातमी आली होती. गणिताच्या मॅडम तेवढ्या म्हणाल्या, "जिता धरला असता तर बरं झालं असतं. बोलला तरी असता." त्यावर पीटीचे सर उसळले, "आन् मग त्याला सोडवायला आपलीच माणसं ओलीस धरली असती!" मी इतिहास शिकवते म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले. तुम्ही गेलात तेव्हा मी डी.एड.ला होते, मला केजच्या शाळेत नोकरी लागली हेही तुम्हाला कळलं नाही. बोलायला तोंड उघडलं आणि आपलं तेलगावचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं.

तुम्ही चुलीजवळ बसला आहात. फौज सोडून कैक वर्षं झाली तरी पाठ ताठ. समोर मांजरसुंब्याचे काका, तुमच्या पलटणीतले जोडीदार, एक पाय लांब करून बसलेत, कारण तो गुडघ्यात वाकत नाही. आई भाकरी थापतेय. काकांनी पेपर आणलाय. तुम्ही दोघांनी दूरच्या डोंगरात, एका झोपडीतून जिवंत धरलेला बंडखोरांचा पुढारी त्यात हसतोय. सरकारशी समझोता झाला, तो सुटला, गळ्यात हार पडले.

"बघ," काका म्हणतात. "माझा नेम बसला होता. तू कामून बंदुकीची नळी खाली दाबलीस रं?"

"हात वर केलते त्यानं."

"आन् त्याच्या माणसानं मागून माझ्या गुडघ्यात गोळी घातली, ती?"

मला राहवलं नाही. आईकडून ऐकलेलं मी फाडकन बोलले, "पण काका, पाणवठ्याच्या वाटेवर सुरुंग कुठं पुरलेत ते त्यानंच दाखवलं ना? मेला असता तर कोण दाखवणार होतं?" मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल.

"गप बस," तुम्ही म्हणालात. इतक्या जोरात तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नव्हता. "ते मला तवा कुठं ठाव होतं? उगं माज्या नावावर नको लावू. ह्याचा पाय गेला, तेबी खरंच हाय."

मग तुम्ही काकांचा पाय मांडीवर घेतलात आणि कोमट तेल लावून चोळू लागलात. काका शिव्या घालत होते, तुम्ही चोळत होता. चोळता चोळताच तुम्ही म्हणालात, "हार घातलेत, घालू दे. पन तिथलीच एखादी बाई कवातरी त्याच्यापुढं उभी राहील, आन् माजा पोरगा कुठं हाय म्हणून इचारील. मेलेल्याला काय इचारती?"

"आन् न्हाईच इचारलं कुनी तर?"

"तर मी चुकलो."

एवढ्या सरळपणे तुम्ही ते म्हणालात की काकांनाच हसू आलं. आईनं दोघांच्या ताटात गरम भाकरी टाकली आणि तो विषय तिथंच थांबला.

तुम्ही गेलात त्या दिवशी, तुम्हाला स्मशानात पोचवून आल्यावर काका माझ्याजवळ आले. लई रडले होते. म्हणाले, "मी अजूनबी म्हणतो, मारायलाच पायजे होता. पन माज्या हातनं मेला न्हाई, ह्याचं बरं वाटतं. तुज्या बापाला हे कवा बोललो न्हाई."

आज स्टाफरूममध्ये मी हे सगळं सांगितलं. पीटीचे सर ऐकत राहिले. मॅडमनी विचारलं, "मग विचारलं का कुणी त्याला?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही, आबा. तो पुढे निवडून आला, म्हातारा होऊन गेला, एवढंच वाचलंय.

हा कागद टपालात टाकायचा नाहीच, म्हणून लिहिते. जिता धरावा असंच मी दर वेळी म्हणते. पण ते मला पटतं म्हणून, की तुम्ही म्हणाला होता म्हणून, हे मला अजून सांगता येत नाही.