अठ्ठेचाळीस किलो

३ फेब्रुवारी, सकाळी ७
दवाखान्याने एक वही दिली आहे. रोज काय खाल्लं ते तिच्यात लिहायचं, सिस्टर तपासणार. ही वही माझी स्वतःची. हिच्यात खरं लिहीन.
आतड्याचा कॅन्सर काढून बावीस दिवस झाले. वजन एकोणसाठचं पंचेचाळीस झालं. डॉक्टर म्हणतात, २४ तारखेला अठ्ठेचाळीस भरलं तरच केमो सुरू, आणि फार लांबवणं बरं नाही. तीन किलोचा तर प्रश्न. घोडेगावच्या बाजारात चाळीस वर्षं म्हशी विकल्या मी. हाडं वर आलेली जनावरं महिन्यात भरवली. आणि हे मला आहार शिकवणार!

४ फेब्रुवारी
सृष्टी सिस्टरचा सुनेला फोन. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्या. मऊ भात, मुगाचं वरण, दही, दोन उकडलेली अंडी. भाकरी, मेथी, ठेचा सध्या बंद. विजयमालाने सगळं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. माझ्या घरात, माझ्या फ्रिजवर. संकल्प: शांत राहायचं, एक शब्द बोलायचा नाही.
सायंकाळी ५: बोललो. बरंच बोललो.

७ फेब्रुवारी
अंड्याला वास येतो. ऑपरेशनपासून सगळ्यालाच येतो. हे कोणाला सांगणार नाही, लगेच नवीन गोळी लावतील. दोन्ही अंडी टिपूला घातली. कुत्रं गुणी आहे, आवाज न करता खातं. दवाखान्याच्या वहीत: अंडी दोन.

११ फेब्रुवारी
ज्ञानेश्वरचा सुप्याहून फोन. नीट खा म्हणाला. फॅक्टरीच्या कॅन्टीनमध्ये बसून बापाला उपदेश करायला काय जातं? मुलगा नुसता नावाला. फोन ठेवून दिला.

१५ फेब्रुवारी
घरचा काटा: ४४.२. काटा बिघडलाय. विजयमालाने त्यावर पाच किलो पिठाची पिशवी ठेवून दाखवली. बरोबर पाच भरली. गिरणीवाल्याचं मापही चुकू शकतं, हे तिला कोण सांगणार.

१८ फेब्रुवारी
विजयमाला म्हणाली, "टिपू लई सुटलाय, आबा. तुमी न्हाई."
घरात हेर पाळलाय. दुपारी तिने टिपूला अंगणात बांधलं. आता अंडी खिडकीतून टाकावी लागतात. तो झेलतो.

२२ फेब्रुवारी
काळजीचं कारण नाही. योजना तयार. बाजाराच्या आदल्या दिवशी जनावराला मीठ चारायचं, सकाळी पाण्यावर सोडायचं. पोट असं तट्ट दिसतं की बघत राहावं. एकाही गिऱ्हाइकाला कधी कळलं नाही. डॉक्टरांना काय कळणार?

२४ फेब्रुवारी, सकाळी ७
काल दिवसभर खारट ताक. आत्ता पाच तांबे पाणी. तब्येत उत्तम.

सकाळी ११, नगर
४८.३! विजयमालाकडे नुसतं बघितलं. सिस्टरने मात्र आकडा लिहिला नाही. माझ्या पोटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, तासभर बाहेर बसा. उद्धट आहे.

दुपारी २
संडासात चार वेळा. भिंत धरून परत आलो. पुन्हा काट्यावर उभं केलं. ४३.८.
सिस्टरने तेवढा लिहिला. मग हळूच म्हणाली, "आबा, माझ्या वडलांनी तुमच्याकडनं म्हैस घेतली हुती. घरी येऊस्तोवर तिचं पोट उतरलं. सांगायला परत आले, तर तुमी वळख दिली न्हाई."
मी म्हणालो, मला आठवत नाही. आठवत होतं.
"ती म्हैस निदान खात तरी हुती," ती म्हणाली.
सलाईन लावलं. केमो पंधरा दिवस पुढे. गाडीत विजयमाला खिडकीकडे तोंड करून रडली. मी तिला गप्प बस म्हणालो नाही.

२५ फेब्रुवारी, सकाळी ८
अंडी आली. वास आला. नाक दाबून एक खाल्लं. विजयमालाला वासाचं सांगितलं. ती म्हणाली, हे आधी सांगायचं होतं, धिरड्यात घालून दिलं असतं.
दवाखान्याच्या वहीत: अंडं एक. दुसरं टिपूला.
भीती वाटते, हे तिकडे लिहिलं नाही.