खडकावरच्या शेवाळाचे काय करावे

मी, दैवशाला कारभारी मिसाळ, वय एकाहत्तर, राहणार हसनाबाद, तालुका भोकरदन, जिल्हा जालना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने व समजून-उमजून हे लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. जीव मात्र नाही. दोन ओळी झाल्या की उठून मागच्या दारी जाते, त्यामुळे अक्षर हलले असेल.

१. राहते घर व विहिरीजवळचे शेत मुलगा अंगद याला. स्वयंपाकघराचे पत्रे गळतात. आज सांगितले तर "बघू" म्हणतो. मी गेल्यावर बघावे.

२. डोरले व पाटल्या मुलगी संध्या हिला. बँकेतले दोघांनी निम्मे घ्यावे. भांडू नये.

३. घरामागचा दहा गुंठे खडक माझ्या एकटीच्या नावावर आहे. त्यावर पावसात हिरवे, बुळबुळीत शेवाळ फुगून येते. ऊन लागले की वाळून काळी पापडी होते आणि लोकांना वाटते मेले. ते मरत नाही. ते निवडणे, धुणे, लसूण-मिरचीवर परतणे सासूबाईंनी शिकवले. तेव्हा ते सुपाएवढ्या जागेत होते. मी पापडी चुरून, पाण्यात कालवून शिंपडत अख्खा खडक हिरवा केला. त्याला खत नको. वरचे गवत आणि पाचोळा तेवढा काढावा.

हा खडक अंगदला. (खोडले.) माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा त्याने प्रेमाने त्यावर युरिया फेकला. "आई, आता बघ कसं जोरात येतं मंग!" जोरात आले ते गवत. निम्मे शेवाळ त्याखाली दबले. पोराच्या मनात वाईट नव्हते, म्हणून ओरडताही येईना. आता म्हणतो, जेसीबी लावून खडक फोडू, माती टाकू, मोसंबी लावू.

संध्याला. (हेही खोडले.) तिला ते पाहूनच मळमळते.

४. जाऊ नंदाबाई संपत मिसाळ. संध्याच्या लग्नात हिने भर मांडवात सांगितले, "ह्यांच्या घरात डबक्यातलं खात्यात." तेव्हापासून आमचे बोलणे बंद. आणि हीच बाई पावसाच्या सकाळी माझ्या खडकावरून शेवाळ चोरते. एकदा न राहवून हटकले. म्हणाली, "शेळी हुडकून राह्यले." तिच्या घरी शेळी कधी नव्हतीच.

पण मी खिडकीतून बघत आले आहे. ती चप्पल बांधावर काढते. वरवरचे उचलते, प्रत्येक ठिकाणी थोडे ठेवते आणि जाताना गवत उपटते. युरियाचे गवत मी काढलेले नाही, मला वाकवत नाही. ते सगळे तिने काढले. राग अजून गेलेला नाही, तरीही खडक नंदाबाईला. अंगदने तिथे जेसीबी नेऊ नये.

५. मी जिवंत असेपर्यंत हे नंदाबाईला कळू देऊ नये. कळले तर लाजेने यायची बंद होईल. यंदा पाऊस लांबला, ती अजून एकदाही आलेली नाही, आणि मला घरात बिलकुल करमत नाही.

साक्षीदार:
कल्याण तातेराव गाढे (सही)
बेबीनंदा काकासाहेब गाढे (सही). हिच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून वरचे वाचू न देता सही घेतली आहे.

लिहून देणार: दैवशाला कारभारी मिसाळ (सही)
हसनाबाद, ९ जुलै २०२५