भुवईतला एक चौकोन

१२ जानेवारी
आजही बाबांनी 'धाकट्या' अशीच हाक मारली! धाकटा भाऊ जाऊन तीन वर्षं झाली. मी थोरला. मी यांना आंघोळ घालतो, भरवतो — आणि नाव त्याचं. डॉक्टर म्हणतात, विसर वाढतच जाणार. एकदा, फक्त एकदा 'थोरल्या' म्हणा की! एवढंच मागतोय.

१५ जानेवारी
युक्ती सुचली. धाकट्याचा चेहरा लाकडाच्या फळीवर काढायचा, बारीक चौकोनांचा — जुन्या व्हिडिओ गेममधली माणसं असायची तसा. फोटो दिले की बाबा चुरगाळून टाकतात, फळी काय चुरगाळणार? हा धाकटा, हे एकदा डोक्यात बसलं की मी कोण तेही आठवेल. बायको म्हणाली, "तुमच्या डोक्यात कधी काय शिरेल, नेम नाही."

१८ जानेवारी
चेहरा डागायला लांब खिळा घेतला. टोक चौकोनी हवं, आणि माझी कानस कुठल्या कुठे जातेय. बाबा बघत होते. जन्मभर कारखान्यात फिटर! "घासतोयस की खाजवतोयस? आण इकडे." कानस हिसकावूनच घेतली. काय टोक काढलं! हात काही विसरलेले नाहीत. वाटलं, आज ओळखणार. खिळा पुढे करून म्हणाले, "घे, धाकट्या."
खिळ्याला जुन्या ब्रशची मूठ बसवली.

२३ जानेवारी
खिळा शेगडीवर तापवायचा, फळीवर टेकवायचा. जास्त वेळ टेकवला की काळा, कमी टेकवला की तपकिरी. बोटं भाजली. घरभर धूर, बायको वैतागलीय.

२९ जानेवारी
जवळून नुसते डाग. फळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली — धाकटाच!
आमचा दोघांचा तोंडवळा एकच. फरक एवढाच की लहानपणी पडून त्याची डावी भुवई मधोमध तुटली होती. भुवया तेवढ्या राहिल्यात. डावीत एक चौकोन कोरा सोडायचा. सगळं त्या एका चौकोनावर आहे.

२ फेब्रुवारी
घात झाला. डावी भुवई करत होतो, तेवढ्यात बाबा आतून ओरडले, "धाकट्या!" मान वळवली, आणि खिळा नेमका कोऱ्या चौकोनावर. काळाठिक्कर! ब्लेडने खरवडलं, पॉलिशपेपरने घासलं. डाग खोल गेलाय. चक्क रडलो.
नवी फळी करायचं त्राण नाही. हीच देणार. स्वतःच्या पोराला न ओळखणाऱ्या माणसाला भुवई काय कळणार!

३ फेब्रुवारी
बाबांनी फळी हात लांब करून धरली. मग जवळ घेऊन डाव्या भुवईवरून अंगठा फिरवला. "हा आपला थोरला," म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून रडायला लागले — "गेला रे तो. तुला कुणी सांगितलं नाही का, धाकट्या?"
मी म्हटलं, "सांगितलं होतं, बाबा."