मंडळीचं निमित्त

अहो,

भात कुकरमध्ये आहे. सभेच्या चहाचं तुम्हीच बघा, मी सोनिवलीला रूथजवळ चालले आहे.

काल आपली लेक नवऱ्याचा मार खाऊन दारात उभी होती आणि तुम्ही तिला सोनिवलीच्या मैत्रिणीकडे पाठवलंत. म्हणालात, “उद्या घरी प्रार्थनासभा आहे. हिला असं बघून मंडळीतल्या नव्या लोकांचा विश्वास डळमळेल. ख्रिस्ती प्रीतीने आपण त्यांचाही विचार करायला हवा.”

तुम्हाला त्यांच्या विश्वासाची काळजी नव्हती, ते काय बोलतील याची भीती होती. त्या भीतीला प्रीती म्हणू नका.

मी आजारी आहे असं कोणाला सांगू नका. रूथला नवऱ्याने मारलंय, हे सभेत उभं राहून सांगा. तेवढं सांगाल तेव्हाच मी तिला घेऊन घरी येईन.

एस्तेर